न्याचेंगची नजर

न्याचेंगची नजर कशी होती, हे आमच्या छावणीतल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा. तिच्या गावात कुणाची गाय हरवली, तर लोक शोधायला निघत नसत. आधी न्याचेंगला वारुळावर चढवत. ती कपाळाशी हात धरून गवताकडे बघायची आणि सांगायची, "त्या बाभळींच्या मागे आहे. शेजारी थोनची वांझ गाय आहे. आणि तुमचा राखणदार झोपलाय, त्याला आधी उठवा." लोक जायचे, गाय आणायचे, राखणदाराला दोन ठेवून द्यायचे. या नजरेचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे. बाकी गर्व करावा असं तिच्याकडे फारसं नव्हतं. नवरा लवकर गेला होता, पदरी एकच मुलगी होती, न्यागोआ, आणि ती आईपेक्षा कमी बोलणारी निघाली होती.

बंदूकवाले आले, तेही आधी न्याचेंगनेच पाहिलं. वारा पडलेला होता आणि नदीपलीकडची लव्हाळी हलत होती. ती मुलीला म्हणाली, "चूल विझवू नकोस. धूर दिसला की त्यांना वाटेल, आपण घरातच आहोत." मग हाताला लागली ती हंडी उचलून ती, न्यागोआ आणि जावई दुओप दलदलीत उतरले. जावई तिथे होता, हा योगायोगच. आमच्या दक्षिण सुदानातल्या न्युएर लोकांत मुलगी लग्नानंतर पहिलं मूल होईपर्यंत आईकडेच राहते. नवरा अंधार पडल्यावर येतो आणि उजाडायच्या आत, पुरुष झोपतात त्या आपल्या गोठ्यात परततो. त्या दिवशी दुओपला जाग आली नाही, म्हणून तो वाचला. त्याच्या गोठ्यातले बाकीचे वेळेवर उठले होते.

आता या जावयाविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्या जेवणावरून झालं. दुओप उंच, कपाळावर पुरुषपणाच्या कोरलेल्या सहा रेघा, स्वभावाने गरीब आणि जेवायला राक्षस. पण आमच्यात जावई सासूच्या देखत खात नाही. सासूही जावयासमोर तोंडात घास घालत नाही. दोघं एकमेकांशी सरळ बोलतही नाहीत. मधे मुलगी असते, ती इकडचं तिकडे करते. हे कुणी सक्तीने करत नाही. सासूसमोर तोंड उघडून चावणारा माणूस म्हणजे भर बाजारात नागडा फिरणारा माणूस, इतकी साधी गोष्ट आहे. गावात याचा त्रास नसतो. पुरुष गोठ्यात जेवतात, बायका झोपडीत, आणि मधे भरपूर जागा असते.

छावणीत नेमकी जागाच नव्हती. छावणीभोवतीच्या मातीच्या बांधाच्या आत माणसं अशी भरली होती, की एकाने कूस बदलली तर शेजारच्या झोपडीत कळायचं. नाव नोंदवताना मदतवाल्या बाईने न्यागोआला विचारलं, "एका हंडीत किती जण जेवता?"

न्यागोआ म्हणाली, "तिघं."

खोटं बोलली नाही ती. हंडी एकच वाचली होती. पण मदतवाल्यांच्या हिशेबात एक हंडी म्हणजे एक कुटुंब आणि एक कुटुंब म्हणजे एक ताडपत्री. तिघांना मिळून एक झोपडी मिळाली. न्याचेंगने आत डोकावून पाहिलं, बाहेर जावयाकडे न बघता पाहिलं, आणि मुलीला म्हणाली, "तू म्हणायचंस ना, दोन हंड्या आहेत म्हणून."

"दुसरी दाखवा म्हणाले असते."

"म्हणायचं, ती चुलीवर आहे."

दुसऱ्या झोपडीसाठी त्या पुन्हा गेल्या. मदतवाल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा जावई मारतो का?" नाही. "दारू पितो?" नाही. "मग अडचण काय?" न्याचेंगने सांगितलं, की तो जेवतो. बाई फार चांगली होती, तिने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. मदतवाले लोक वाईट नाहीत, उन्हातान्हात राबतात. भूक पोटात असते एवढंच त्यांना शिकवलेलं असतं, त्याला ते तरी काय करणार?

तरी पहिला उन्हाळा निभावला. छावणीच्या टोकाला पाण्याचा एक मोडका टँकर पडला होता. पुरुषांनी त्याच्या सावलीत बसायला सुरुवात केली आणि त्याला 'गोठा' म्हणायला लागले. बायका आपापल्या नवऱ्याचं जेवण झाकून तिथे पोचवायच्या. दुओप दोन वेळा गोठ्यात जायचा, पोटभर जेवायचा आणि तोंड पुसून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने झोपडीत यायचा. न्याचेंगही काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने दुसरीकडे बघायची.

मग पूर आला. नदी बांधाबाहेर चढली ती उतरायलाच तयार नाही. बांधाच्या आतही पावसाचं पाणी साचलं, टोकाचा भाग बुडाला आणि टँकरचं नुसतं टोपण वर राहिलं. गोठा गेला. पुरुष आपापल्या झोपडीत अडकले. ज्यांच्या सासवा दुसरीकडे होत्या, ते सुटले. दुओप गुडघाभर पाण्यात उभा राहून ताडपत्रीच्या मागे जेवायला लागला. वरून पाऊस ताटात पडायचा. तो म्हणायचा, बरं आहे, कालवण वाढतं. असं काही दिवस चाललं आणि त्याला ताप भरला.

ताप साधा नव्हता. डोळे पिवळे झाले, पाय लटपटायला लागले, त्याला चटईवरून उठवेना. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि वर बजावलं, की पोटात अन्न असल्याशिवाय या द्यायच्या नाहीत. न्यागोआने ज्वारीची पेज केली आणि त्याच्यासमोर धरली. न्याचेंग लगेच उठली आणि बाहेर पावसात जाऊन उभी राहिली.

तो खायचा, ती भिजायची. दोन-चार वेळा असं झालं आणि तिला खोकला धरला. झोपडीत एका बाजूला ताप, दुसऱ्या बाजूला खोकला. ती पुन्हा उठायला लागली तेव्हा दुओप पडल्या पडल्या बायकोला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, बाहेर जायचं नाही. मला भूक नाहीये."

न्याचेंग भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यांना सांग, मला उगाच पाय मोकळे करायचेत."

"पाण्यात कसले पाय मोकळे करतात, विचार."

"विचार त्यांना, गोळी कधी घेणार."

"भूक लागली की."

मधे न्यागोआ पेजेचा वाडगा धरून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. वाडगा गार झाला. दुसऱ्या दिवशीचाही गार झाला. शेजारपाजाऱ्यांकडे जागा मागावी तर तिथे माणसं उभ्याने झोपत होती. न्याचेंगने तोंडावर फडकं घेऊन पाहिलं, भिंतीकडे तोंड करून पाहिलं. पण ती बघू शकते हे जोवर दुओपला माहीत होतं, तोवर त्याचा घास खाली उतरत नव्हता. शहाण्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. न्याचेंगला तो वाटला नाही. असा जावई मिळाला याचं तिला कौतुकच वाटलं, आणि तो आता मरणार याची भीती वाटली. मुलगी बाळंत व्हायच्या आधी विधवा होईल, हे तिला वारुळावरून दिसावं तितकं स्वच्छ दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं लख्ख उजाडल्यावर, न्याचेंग उठून बसली आणि म्हणाली, "न्यागोआ, अजून अंधार कसा?"

"दिवस वर आलाय, आई."

"मग मला का दिसत नाही?"

न्यागोआने वळून आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती, अगदी डोळ्यांत डोळे घालून.

चटईवरून दुओपने विचारलं, "तुझ्या आईला काय झालं?"

"तिला दिसत नाहीये," न्यागोआ म्हणाली.

"काहीच?"

"काहीच नाही म्हणते."

दुओपने चटईवर कूस बदलली. मग म्हणाला, "फार वाईट झालं. त्यांना म्हणावं, मी आहे." आणि थोड्या वेळाने, "काही शिजलंय का?"

त्याने पाठ फिरवली आणि पेज प्यायली. मग गोळी घेतली. मग आणखी पेज मागितली. न्याचेंग समोर बघत बसून होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आंधळं होणं सोपं असतं, आंधळं राहणं कठीण. दुओप उठून हिंडायला लागला, पण गोठा पाण्याखालीच होता, तेव्हा न्याचेंगची दृष्टी परत येण्याची सोय नव्हती. मदतवाल्यांनी तिला पांढरी काठी दिली. ज्वारी वाटपाच्या रांगेत तिला सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं करायला लागले. ती संकोचाने मरायची. मापारी भांडं काठोकाठ भरत नाही, हे तिला समोर दिसायचं आणि बोलता यायचं नाही. एकदा राहवेना, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ज्वारी पडल्याचा आवाज हलका येतोय." मापाऱ्याने घाबरून वर आणखी मूठभर घातली. आंधळ्यांचे कान तिखट असतात, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

घरात ती न्यागोआच्या डोक्यातल्या उवा चाचपून काढायची. एकही सुटायची नाही. न्यागोआ मान खाली घालून हसायची. जावई जेवायला बसला, की पाठ करून बसायचा, आणि न्याचेंग त्या पाठीकडे बघत राहायची. ती रुंद होत चालली होती. स्वतः ती मात्र तो बाहेर गेल्यावरच खायची. डोळे तिचे गेले होते, त्याचे नव्हते.

सगळ्यात जड गेलं ते नातीच्या वेळी. मुलगी झाली आणि सगळ्यांनी ती आजीच्या मांडीवर आणून ठेवली. शेजारणी म्हणाल्या, "हात लावून बघा, केवढं जावळ आहे." न्याचेंगने छताकडे बघत हात लावला. दुओप बायकोला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, नाक माझ्यावर गेलंय." नाक चक्क न्याचेंगचं होतं. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून नीट पाहून खात्री केली होती. "असेल," ती म्हणाली. या एका शब्दाला तिला जितके कष्ट पडले, तितके दलदल ओलांडतानाही पडले नव्हते.

न्यापाल ही आमच्या झोपड्यांच्या ओळीची आरोग्यसेविका. निळं जाकीट घालायची, चार इंग्रजी वाक्यं यायची, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. एक दिवस ती झोपडीत येऊन म्हणाली, "न्याचेंग, तुझं नशीब उघडलं. डोळ्यांचे डॉक्टर विमानाने येतायत. मोतीबिंदू काढतात, दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. यादीत तुझं नाव पहिलं."

"माझं कशाला? तरण्याताठ्यांचं घाला."

"तुझा जावई तीनदा येऊन सांगून गेला. सासूचं नाव आधी घ्या म्हणून पाठच सोडेना."

चांगला जावई मिळाला की असे हाल होतात. त्या दिवसापासून न्याचेंगचं लक्ष झोपडीच्या कोपऱ्यावर होतं, कारण दुओप तिथे बोचकं बांधत होता. मच्छरदाणी, भाला, एक सदरा. आंधळ्या सासूसमोर तो ते उघड बांधत होता, आणि ती उघड्या डोळ्यांनी बघत होती.

तो बाहेर गेल्यावर तिने मुलीला विचारलं, "हे काय चाललंय?"

"ते म्हणतात, तुला दिसायला लागलं की इथे राहता येणार नाही. जेवायचं कुठे? बांधापलीकडे, कोरड्यावर, त्यांचा चुलतभाऊ आहे. तिकडे जातो म्हणतात."

"कोरड्यावर बंदूकवाले आहेत."

"आहेत."

"तरण्या पोराला धरून हातात बंदूक देतात."

"देतात," न्यागोआ म्हणाली. "त्यांनाही माहीत आहे. तरी तुझं नाव त्यांनीच घातलं." आणि बोलता बोलता ती रडायला लागली. न्याचेंगने आयुष्यात पुष्कळ गोष्टी लांबून ओळखल्या होत्या. ही मात्र पार अंगाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिला दिसली.

नेमल्या दिवशी न्यापाल तिला हाताला धरून दवाखान्याच्या तंबूत घेऊन गेली. डॉक्टर केनियातले होते, ओडेरो नावाचे, उंच आणि दमलेले. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली, भिंगातून पाहिलं, बोट डावीकडे-उजवीकडे नेलं. न्याचेंगने मोठ्या निश्चयाने बोटाकडे पाहिलं नाही. पण बाहुल्या काही माणसाचं ऐकत नाहीत. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी म्हणाले. न्यापाल त्यांच्याकडे बघत राहिली, मग न्याचेंगकडे.

"डॉक्टर म्हणतात, या वयात असे डोळे त्यांनी पाहिले नाहीत."

"वाईट?"

"घारीसारखे आहेत म्हणतात." न्यापाल वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "न्याचेंग, दोन पावसाळे तू काठी टेकत हिंडतेस. मी स्वतः तुला संडासापर्यंत हात धरून नेलंय. हा काय तमाशा आहे?"

न्याचेंगने हातातली काठी आडवी मांडीवर ठेवली. मग दोन पावसाळ्यांनंतर प्रथमच तिने परक्या माणसाच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. "न्यापाल, तुझा जावई तुझ्याकडेच असतो ना, पूर आल्यापासून?"

"हो."

"तो कुठे जेवतो?"

न्यापालचा जावई संडासाच्या रांगेमागे, एका फळीवर उभा राहून जेवत असे. ओळीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, की बाई काय म्हणतायत. न्यापालने आपल्या चार इंग्रजी वाक्यांतलं एक निवडलं आणि सांगितलं, की म्हातारी आभार मानते आहे. मग तिने स्वतःच कापूस घेतला, न्याचेंगच्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तिच्या पोटात ही एकच गोष्ट राहिली, असं म्हणतात. पण पुढच्या पावसात न्यापालला अंधुक दिसायला लागलं. मग आणखी दोघी सासवांची नजर गेली. मदतवाल्यांनी ओळीतल्या पाण्याची तपासणी केली; त्यात काही सापडलं नाही.

डॉक्टरांच्या तंबूतून परतल्यावर, त्या दिवशी न्यापालने न्याचेंगला झोपडीच्या दारात आणून सोडलं आणि आख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "काही उपयोग झाला नाही. उजवा उघडून बघितला, डाव्याला हात लावण्यातच अर्थ नाही म्हणाले. कायमचं आहे."

दुओप दाराशी उभा होता. बोचकं त्याच्या पायाशी होतं. त्याने बायकोला सांगितलं, "तुझ्या आईला म्हणावं, फार वाईट झालं."

"त्यांना सांग, चालायचंच."

मग बोचकं आत नेऊन त्याने ते सोडलं, मच्छरदाणी पूर्वीच्या जागी टांगली, भाला छपरात खोचला आणि न्यागोआला म्हणाला, "वाढ."

ज्वारी होती आणि पुराच्या पाण्यातला काटेरी मासा होता. दुओप खाली बसला. एरवी पाठ करायचा; त्या दिवशी त्याने सासूकडे तोंड करून बसकण मारली. न्याचेंगने जावयाला जेवताना कधीच पाहिलं नव्हतं. तो सावकाश जेवत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसत नव्हता. मान फिरवावी असं तिला वाटलं. पण आंधळं माणूस मान फिरवत नाही, म्हणून ती बघत राहिली.

मधेच तो थांबला. माशाच्या पोटाचा मऊ तुकडा त्याने वेगळा काढला आणि एक शब्दही न बोलता तिच्यासमोर धरला.

न्याचेंगचा हात उठला. चाचपडला नाही, शोधत फिरला नाही. सरळ गेला आणि तुकडा घेऊन आला. मग ती थिजून बसली. न्यागोआ बाळाला थोपटत होती, तिचाही हात थांबला.

दुओपने सासूकडे पाहिलं. मग तो म्हणाला, बायकोला नाही, सरळ तिलाच, "आई, समोर मासा धरलाय. उजवा हात पुढे करा."

तुकडा केव्हाच तिच्या बोटांत होता. "कुठे?" ती म्हणाली.

"थोडं डावीकडे. अजून. हं, मिळाला बघा. खा आता."

आणि त्याने डोळे मिटून घेतले, कारण जावयानेही सासूला खाताना बघायचं नसतं. न्याचेंगने मासा तोंडात घातला. तिचं खाऊन होईपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. काटे बरेच होते, वेळ लागला.